किंचित नाराज

३ मार्च
आज साहेबांनी जाहीर केलं, तक्रार विभागाला प्रमुख नेमणार. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या कंपनीत तक्रारीचा फोन मी घेते त्याला आता केस पिकले. माझे. तरी लेखी परीक्षा ठेवली आहे. शब्दांच्या जोड्या लावायच्या. ठिणगी : वणवा, तर झुळूक : काय? असले प्रश्न. साहेब म्हणाले, किरकोळ काय आणि गंभीर काय याच्या पायऱ्या ज्याला कळतात, त्यालाच ही खुर्ची. म्हणजे मलाच. नाव घ्यायचं संकोचाने टाळलं, इतकंच.

परीक्षेला आणखी एकच जण आहे, पलीकडच्या टेबलावरची हळूबाई. तिचं बोलणं शेजारच्यालाही ऐकू येत नाही, म्हणून हे नाव मीच ठेवलं. प्रेमाने.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून अभ्यास.

४ मार्च
साडेसातला उठले. गजर ह्यांनी बंद केला असणार. हे म्हणतात, गजर तूच आपटून बंद केलास. घड्याळ सापडत नाही, त्यामुळे पुरावा नाही.

६ मार्च, दुपारी
गाइड आणलं. उत्तरं चुकीची छापली आहेत.
राग : संताप, तर भूक : काय? पर्याय: उपास, वखवख, जेवण, ढेकर. मी लिहिलं, उपास. गाइड म्हणतं, वखवख. माणसाने वखवखू नये, एवढंही लेखकाला कळत नाही.
ठिणगी : वणवा, तर झुळूक : काय? पंखा, वादळ, गारवा, खिडकी. मी लिहिलं, खिडकी. शहाणा माणूस वेळीच लावून घेतो. गाइड वादळाची वाट बघतं.
सगळी उत्तरं पेनाने दुरुस्त केली. आमच्या कॉलेजात असं पुस्तक कोणी वर्गात आणू दिलं नसतं.

७ मार्च
सकाळी ह्यांची तोंडी परीक्षा घेतली. कुजबुज : आरडाओरडा, तर कुरकुर : काय? हे पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, अगं, विचार प्रश्न, पण खालच्या मजल्यावरचे उत्तरं द्यायला लागतील. तेवढ्यात शेजारीण दार वाजवून विचारून गेली, सगळं ठीक आहे ना? लोकांना दुसऱ्याच्या घरात फार रस.

लेक म्हणाली, आई, तुझ्यात पायऱ्याच नाहीत गं. शून्यावरून उडी मारतेस ती थेट शंभरवर. अतिशयोक्ती करायची सवय तिला सासऱ्यांकडून आली, माझ्या सासऱ्यांकडून. पलंगावरच्या ओल्या टॉवेलबद्दल मी तिला शांतपणे दोन शब्द सांगितले, एवढंच घडलं. टॉवेल समोरच्यांच्या बाल्कनीत कसा पोचला, माहीत नाही. वारा असेल.

११ मार्च
नेमणूक होईपर्यंत हातावर हात धरून बसणं माझ्या स्वभावात नाही. विभागासाठी नियम केले. तक्रारीचे तीन प्रकार. गंभीर: मिस्त्री ताबडतोब. साधी: मिस्त्री उद्या. नोंद: लिहायचं आणि विसरायचं.
नियम पहिला. जो फोनवर बोलू शकतो, तो सुखरूप आहे. तक्रार साधी.
नियम दुसरा. आवाज चढवणाऱ्याची तक्रार एक पायरी खाली. लोकांना वळण लागतं.

लॅमिनेट करून दोन्ही टेबलांसमोर चिकटवले. हळूबाई बराच वेळ वाचत उभी होती. मग म्हणाली, बाई, तक्रार गंभीर व्हायची तर माणसाला बोलता यायला नको. मग तो फोन कसा करणार? म्हटलं, तो त्याचा प्रश्न. म्हणाली, बरं बाई. शिकते आहे.

१३ मार्च
एक दातांचे डॉक्टर दोन मजल्यांमध्ये अडकले. फोनवर फारच गोड बोलले. साधी लिहिली. संध्याकाळी कळलं, हळूबाईने परस्पर मिस्त्री धाडला. म्हणे वर खुर्चीत पेशंट होता, तोंड बधिर करून ठेवलेला. साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली.

मी तिला बाजूला घेऊन सौम्य शब्दांत समज दिली. शिपाई म्हणतो, खाली पार्किंगमध्ये ऐकू आलं. शिपायाचे कान तपासायला हवेत. बोलताना हातातला ग्लास फुटला. हल्ली ग्लास फारच पातळ काचेचे येतात.

२० मार्च
परीक्षा झाली. पेपर सदोष.
विनंती : गयावया, तर सूचना : काय? सल्ला, तंबी, पाटी, कागद. 'तंबी' हे उत्तर कोणालाही सुचेल. पण मी आयुष्यात कोणाला तंबी दिलेली नाही. पाटी लिहिलं. परीक्षकाला समजावं म्हणून प्रत्येक प्रश्नाशेजारी कारणही दिलं. त्यामुळे पुढची पानं राहिली. माझ्या मते पाच प्रश्न नीट सोडवणं हे पन्नास कसेबसे सोडवण्यापेक्षा वरचढ.
हळूबाई अर्ध्या वेळात उठून गेली. बिचारी.

२७ मार्च
निकाल. हळूबाईचा एकच प्रश्न चुकला. माझा पेपर साहेबांनी घरी दाखवायला नेला आहे. असं काही यापूर्वी कधी पाहिलं नाही, म्हणाले.

चहाच्या वेळी हळूबाईने बिस्किटं वाटली. सगळे विचारत होते, अभ्यास कसा केलास? म्हणाली, गाइड उघडलंच नाही. सगळं बाईंच्या कृपेने. बाई आल्या आल्या सांगतात, अकराला बजावतात, जेवणानंतर झापतात आणि चार वाजले की फाडून खातात. रोज तेच. पायऱ्या तोंडपाठ झाल्या. लोक इतके हसले की शिपायाच्या नाकातून चहा आला.

शिष्याने गुरूला मागे टाकावं यातच गुरूचा मान. मी किंचित नाराज आहे, त्याहून जास्त काही नाही. ह्यांचा फोन आला, बाहेर जेवून येतो. लेक मैत्रिणीकडे राहणार आहे. मी निकाल कळवला तेव्हा दोघांनाही अचानक कामं निघाली.

२ एप्रिल
हळूबाई प्रमुखाच्या खुर्चीत. साहेबांनी माझ्यासमोरच तिला विचारलं, हे भिंतीवरचे नियम काढायचे ना? ती म्हणाली, नको साहेब. बाईंनी केलेत, बाईच काढा म्हणतील तेव्हा काढू. तोवर गंभीर तक्रारी मी आधीसारख्याच परस्पर बघते. मला भरून आलं. खुर्ची गेली, पण भिंत माझी आहे.

५ एप्रिल, सव्वासहा, ऑफिसच्या लिफ्टमध्ये
चौथ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांची स्वतःची लिफ्ट. यावर साहेबांशी बोलावं लागेल.
विभागाला रीतसर फोन केला. हळूबाईने उचलला. म्हणाली, बाई, बोलता येतंय ना? म्हटलं, येतंय. म्हणाली, मग साधी. उद्या मिस्त्री येईल.
मी किंचित ठाम स्वरात परिस्थिती समजावली. ती म्हणाली, बाई, आवाज चढला. एक पायरी खाली. नोंद करून घेतली हं.

साडेसहा
तिचा फोन. नियम चुकले एवढंच म्हणा बाई, मिस्त्री माझ्या शेजारीच बसलाय. मागे बशी वाजल्याचं ऐकू आलं. त्याला चहा दिला होता तिने.
म्हणणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. प्रकृती उत्तम.

पावणेसात
पंखा बंद पडला. हवा आहे. पुरेशी आहे. लिफ्टची खोली पूर्वी मोठी असायची.

सात
दिवा गेला. मोबाइलच्या उजेडात लिहिते आहे. अस्वस्थ : भयभीत, तर ताठा : काय? पर्याय आठवत नाहीत.

साडेआठ, घरी
फोन करून म्हटलं. एकदाच म्हणायचं असं ठरवलं होतं. पण हळूबाई म्हणाली, बाई, जरा मोठ्याने बोला ना, काही ऐकू येत नाही. तीनदा म्हणावं लागलं. मिस्त्री लगेच आला. बाहेर पडले तर ती दारातच उभी होती, हातात नखांनी खरवडून काढलेला नियमांचा कागद. माझी पर्स उचलून रिक्षापर्यंत आली.

ह्यांनी विचारलं, काय गं, घाबरलीस? म्हटलं, किंचित. पाणी आणलं त्यांनी, आणि माझं पिऊन होईपर्यंत ग्लास खालून धरून ठेवला. बरोबरच आहे. हल्ली ग्लास फार पातळ काचेचे येतात.