तुझ्या वहीतलं माझं नाव

ड्रमकिल, मंगळवार

प्रिय फिंटन,

काल तू माझ्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यायलास, सफरचंदाच्या टार्टचे दोन तुकडे खाल्लेस आणि गाडीत बसल्यावर वही काढून माझ्या नावापुढे खूण केलीस. खिडकीतून दिसलं मला. ती खूण खोड. तू मत मागितलंस, तेव्हा मी नुसतं 'बघू' म्हणाले होते. बावीस वर्षांपूर्वी याच टेबलाशी तू लग्नाचं विचारलंस, तेव्हाही मी 'बघू'च म्हणाले होते, आणि रविवारी चर्चच्या दारात अख्खं ड्रमकिल माझं अभिनंदन करत होतं. लग्न झालं नाही, मैत्री टिकली. पण 'बघू' म्हणजे हो नव्हे, हे तुला अजून कळलेलं नाही.

चूक तुझ्या एकट्याची नाही म्हणा. सेनेटला, त्या वरच्या सभागृहाला, उभा राहणारा प्रत्येक जण असाच देशभर गाडी हाकत आम्हा काउन्सिलरांच्या दारात येतो. साठांपैकी त्रेचाळीस जागा मुख्यतः आमच्याच मतांवर ठरतात, त्यामुळे हे दोन महिने आमच्याइतकं लाडकं कुणी नसतं. आपला काउन्सिलर मॅलकी तर येईल त्याला सांगतो, "पहिली पसंती तुलाच रे बाबा!" गेल्या खेपेला त्याने ती नऊ जणांना दिली. मी झापलं, तर म्हणतो, "अगं नोरीन, एवढ्या लांबून आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?"

तुला मागच्या खेपेला असं हिंडावं लागलं नाही. पंतप्रधान स्वतः नेमतात त्या अकरांत तू होतास. फोनवर केवढा ओरडला होतास, "पाच वर्षं, नोरीन! पाच वर्षं मला कुणी हलवत नाही!" तीनच वर्षांत खालचं सभागृह विसर्जित झालं आणि त्यामागोमाग तुमचीही मुदत संपत आली. नवे पंतप्रधान तुला नेमणार नाहीत, म्हणून तुला माझं स्वयंपाकघर आठवलं.

काल तू माझ्या आईच्या गुडघ्यांबद्दल बोललास, रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोललास. आपल्या इस्पितळातल्या बाळंतपणाच्या वॉर्डबद्दल एक अक्षर नाही. काउन्सिलर होण्याआधी एकोणीस वर्षं मी तिथे दाई होते. वॉर्ड बंद करणारं ते विधेयक सेनेट नव्वद दिवस अडवू शकलं असतं. तेवढेच आम्ही मागत होतो. तू शब्द दिला होतास. मतदानाची घंटा वाजली आणि तू 'हो' केलंस. एका मताने हरलो आम्ही. नंतर तुझं म्हणणं काय, तर "ज्याने खुर्ची दिली, त्याच्याविरुद्ध कसा जाऊ?" या जानेवारीत डफींच्या सुनेने गाडीच्या मागच्या सीटवर मुलगी जन्माला घातली, रस्त्याच्या कडेला, पावसात. नाळ मी माझ्या बुटाच्या नाडीने बांधली. पोरगी ठणठणीत आहे. त्याचं श्रेय तुझं नाही.

तेव्हा माझी पहिली पसंती तुला नाही. ती माझी मलाच आहे. परिचारिकांच्या संघटनेने माझं नाव दिलंय आणि उद्या मी अर्ज भरतेय, तू लढतोयस त्याच गटातल्या जागांसाठी. आपल्या पक्षाच्या चिटणीसाचा फोन येऊन गेला, "बाई, मतं फुटतील, जरा दमानं घ्या." म्हटलं, फुटू देत. आता पत्र का लिहिलं ते सांगते. मावळत्या सेनेटरलाही मत असतं. पहिली पसंती तू स्वतःलाच देणार, त्यावर माझा हक्क नाही. दुसरी मला दे. त्या वॉर्डसाठी दे. गुरुवारी चार वाजता मागायला येतेय, किटली चढवून ठेव. आणि मला 'बघू' म्हणू नकोस. त्याचा अर्थ मला कळतो.

तुझीच, पण तुझ्या वहीत नसलेली,
नोरीन