दोन वर्षं, एकच व्हॉल्व्ह

साकोली, २ फेब्रुवारी १९८१, सोमवार
शेजारच्या वासुदेवरावांच्या चंद्रकलेला पाहायला रविवारी लाखनीचा ईश्वर येतोय. म्हणे त्रिवेंद्रमला रॉकेटच्या संशोधनात इंजिनिअर! इंजिनिअर तर मीही आहे, फक्त डिग्री राहिली. दुसऱ्या वर्षी प्रोफेसरशी भांडण झालं. बरोबर मी होतो, पण कॉलेज त्यांचं होतं.
चंद्रकलेसाठी मी तीन वर्षं थांबलोय. तिला सगळं माहीत असणारच.
निश्चय: पाच दिवसांत रॉकेटचा अभ्यास. रविवारी सर्वांसमोर त्याला उघडा पाडायचा.

४ फेब्रुवारी
पहाटे पाचला उठणार होतो. साडेआठ झाले. चूक आईची, तिनं हाकच मारली नाही.
लायब्ररीत एकच पुस्तक, तेही इंग्रजी. सातव्या पानावर इंटिग्रेशन निघालं. लेखकाला शिकवता येत नाही. परत केलं.

७ फेब्रुवारी
पुस्तकाविनाच बरं. स्वतःच तीन प्रश्न काढले. तिसरा मलाच कळत नाही, म्हणजे तिथं तो अडकणार.

८ फेब्रुवारी, रविवार, दुपारी
जिंकलो!! पोहे यायच्या आत विचारलं, "तुमी रॉकेट उडवता का जी?"
म्हणाला, "नाही जी. मी एक व्हॉल्व्ह तपासतो."
"कवापासून?"
"दोन वर्षं झाले. अजून जरासा गळते."
एकच व्हॉल्व्ह! तोही गळका! मी खो खो हसलो. वासुदेवराव म्हणाले, "केवळराम, तू घरी जाय." घाबरले बिचारे. चंद्रकला मान खाली घालून हसत होती. माझ्याकडे पाहिलं नाही. चारचौघांत कशी पाहणार?

९ फेब्रुवारी
बहीण तुळसा तिला भेटून आली. होकार दिला म्हणे.
मी ओरडलो, "काहून?"
तुळसा म्हणाली, "तिनं म्हटलं, जो माणूस दोन वर्षं एका गळक्या व्हॉल्व्हपाशी बसून राहते, तो मले अर्ध्यात नाही सोडणार."
"अन् मी तीन वर्षं थांबून राहिलो त्याचं काय?"
"हे तिले कोणी सांगतलं, दादा?"
या घरात माणसाला सपोर्ट नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार
चंद्रकलेचं साक्षगंध झालं, म्हणजे साखरपुडाच. जाणार नव्हतो. पण शेजारी असून नाही गेलो तर लोकांना संशय आला असता. म्हणून गेलो. बुंदी दोनदा घेतली. डोळे लाल होते, आवाज बसला होता.
कोणालाच संशय आला नाही.