नावं वाचल्याशिवाय वरात नाही

२ एप्रिल २००८, सकाळी
डाव्या भुवईवर तीन टाके. काल सालेकशाच्या वरातीत नारळ फेकला गेला. माझ्यासाठी नव्हता, मी मध्ये आलो. लोकांनी चुकून नवरदेवालाही धुतला. फेटा पडला होता, घाईत ओळखू आला नाही. कारण दारू. दुसरं काही नाही.

३ एप्रिल
लेक रंजिताचं लग्न पक्कं. बिरसीचा राजदीप, शांत पोरगा. तारीख २० मे. त्याचे वडील हिरालालजी यांची एकच अट: मांडवात हात उचलला गेला तर वरात तिथूनच परत. मुलीचा बाप डीजे आहे हे कळल्यावर त्यांनी अट पुन्हा एकदा सांगितली. मी म्हटलं, आमच्याकडं खुर्चीसुद्धा पडणार नाही. अल्का माझ्याकडं बघत राहिली. बायको आहे, बघणारच.
संकल्प: या सीझनला एकही भांडण नाही. मला जमेल. माझे कान तसे आहेत. खुर्ची बसायला ओढली की मारायला उचलली, हे मला आठ स्पीकरच्या आवाजातही कळतं. नव्व्याण्णवला रेडिओवर हंगामी निवेदक, मग तीन वर्षं नागपूरच्या हॉटेलातल्या क्लबात. सगळं कानाच्या जोरावर. वशिला शून्य.

७ एप्रिल
ट्रॅक्टरवाला मुन्नालाल म्हणे, भाऊ, नावं वाचनं बंद करून पाहा ना एकदा.
त्याला काय कळतं? लोक चिठ्ठी देतात. वर गाणं, खाली नावं. मी गाणं थांबवून रेडिओसारखं वाचतो: फर्माईश करत आहेत अमुक गावचे अमुक, तमुक आणि घरची मंडळी. ज्याचं नाव माईकवर येतं तो खुश. खुश माणूस मारत नाही. क्रम तेवढा मी बदलतो. छोटी नावं आधी, लांब मागून, तरच कानाला गोड लागतं. चिठ्ठी लिहिणाऱ्याला लय कुठं असते?

१४ एप्रिल
जयंतीची मिरवणूक. पोरांनी माईक त्यांच्याकडंच ठेवला, मी फक्त गाणी लावली. सहा तास, एक चापट नाही. वाटेत जागोजागी सरबत होतं. लिहून ठेवतो: सरबतानं फरक पडतो.

१९ एप्रिल
वरातीत सरबत ठेवायला लावलं. ग्लास स्टीलचे निघाले. दोघांची डोकी फुटली, मुन्नालालला पाच टाके. नवरदेवाच्या मोठ्या काकाचं नाव चौथं वाचलं म्हणे. त्या जागी तेच नाव बसत होतं, मी काय करू? पुढच्या वेळी कागदी ग्लास.

२६ एप्रिल
डीजेच्या ट्रॉलीला लोखंडी जाळी बसवली, आतून नाही, बाहेरून कुलूप. आज नागझिऱ्याच्या बाजूला वरात होती. कानांनी वेळेवर सांगितलं: खुर्ची, खुर्ची, बाक. बाक उचलला की पळायचं असतं. पण चावी मुन्नालालकडं आणि मुन्नालाल झाडावर. जाळीतून काठी घालून मला ढोसलं. एक बरगडी गेली. दगड मात्र एकही आत आला नाही. जाळी पास.

४ मे
हिरालालजी आले. छातीचा पट्टा पाहून विचारलं, काय झालं. म्हटलं, पायरीवरून पडलो. ते म्हणाले, नागझिऱ्याची पायरी लई उंच दिसते.
ते गेल्यावर रंजिता म्हणाली, बाबा, त्या दिवशी गानी लावा, पन बोलू नका. माझं घर आता कुठं बसून राहिलं हाये, तुमी उठवू नका. माझा हात घेऊन स्वतःच्या डोक्यावर ठेवला. मी शब्द दिला. अल्का आतून म्हणे, तोंड शिवल्याबिगर ह्यायचा शब्द टिकत नाही.

१९ मे
माईक कपाटात ठेवला. जाळीही काढली, घरच्या लग्नात बरी दिसत नाही.
संध्याकाळी: माईक ट्रॉलीत ठेवला. लाईट गेली तर सूचना द्यायला. फक्त सूचना.

२० मे, दुपारी २
वरात निघाली. तोंड बंद. सगळं छान.

२२ मे, दवाखाना
जबडा दोन ठिकाणी मोडला. डॉक्टरनं वरचे-खालचे दात तारेनं बांधलेत. सहा आठवडे बोलणं नाही.
झालं असं. मांडवाशी चिठ्ठी आली, खुद्द व्याह्यांकडची. न वाचणं म्हणजे अपमान, अपमान म्हणजे भांडण. शांततेसाठी वाचली. चिठ्ठीत आधी त्यांचे मोठे जावई श्यामलालजी, मग मामा पतिरामजी. जावयाचा मान पहिला, हे मला माहीत आहे. पण कानाला पतिराम आधी हवा होता. श्यामलालजी ट्रॉलीवर चढले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. त्यानंतरचं आठवत नाही. मामांनी जावयाला खुर्चीनं हाणलं म्हणे, जावयाच्या भावांनी मामाला. राजदीपचं नाक फुटलं.
पण वरात परत गेली नाही. पहिला ठोसा त्यांच्याच जावयाचा, हिरालालजी अट कुणाला सांगणार? लग्न लागलं. म्हणजे लग्न माझ्या जबड्यानं वाचवलं. अल्काला हे लिहून दाखवलं. तिनं कागद फाडला.
लग्नाची बुद्धवंदना माईकविनाच झाली. मला ऐकू आली नाही. अॅम्ब्युलन्सचा सायरन चालू होता.

३० मे
मुन्नालालनं माझ्याविना तीन वराती काढल्या. चिठ्ठ्या घेतो, गाणं तोंडी विचारून लावतो, नावं वाचत नाही. त्याला वाचता येत नाही. एक खुर्ची उचलली गेली नाही. लोकांना शिस्त लागली. इतक्या वर्षांची माझी मेहनत.
दुपारी रंजिता राजदीपला घेऊन दवाखान्यात आली. त्याच्या नाकावर अजून पट्टी. म्हणाली, बाबा, आंदनात भांडी नाही भेटली, माईक न्यावा म्हणते. काय बोलणार? मान हलवली. तिनं पिशवीतून काढून दाखवला, आधीच घेतला होता.
मग मी चिठ्ठी लिहून दिली. जन्मातली पहिली: एक गाणं लाव. फर्माईश करत आहेत भोजराज, अल्का, रंजिता, राजदीप. तिनं तो बंद माईक तोंडाशी धरून वाचलं, अगदी माझ्यासारखं: फर्माईश करत आहेत अल्का, रंजिता, राजदीप आणि घरची मंडळी.
वॉर्डात सगळे हसले. माझं नाव मंडळीत.
थोड्या वेळानं अल्कानं माझी बोटं एकेक करून सोडवली. उचललेल्या हातात पाण्याचा स्टीलचा ग्लास होता.