पिसांची आठवी जुडी

८ जून १९८६, रविवार

पिंजऱ्यात तीन पिसं. झाडून टाकले.

मंगलाले माहेरी पांढुर्ण्याले जाऊन आज चार महिने झाले. रागारागात एक थैली घेऊन निघाली. मिठूले मग नेईन, म्हणाली. म्हणजे हा पोपट इथं आहे तोवर तिले एकदा तरी सौंसरले यावंच लागते. मी त्यावरच दिवस काढून राहिलो.

११ जून

आज नऊ! शेपटीचं लांब पीसही गेलं. खाते कमी. बोलणं तं बंदच. एरवी सकाळी "मंगल, चहा!" म्हणे, माझी नक्कल. ती गेल्यावरही म्हणे, अन् मी चिडून पिंजऱ्यावर फडकं टाकत होतो. आता तेही नाही. घरात घड्याळ तेवढं वाजते.

१४ जून

शेजारचे नत्थूजी मिठूले पाहून गेले. उवा पडल्या म्हणे, अन् कपाशीवर मारायची पावडर पुडीत बांधून दिली. पुडी उघडली तं माझेच डोळे चुरचुरले. परसात खड्डा करून पुरली. संध्याकाळी नत्थूजीले सांगितलं, मिठूच्या अंगावर टाकली पावडर. खोटं बोललो.

१५ जून

आज एकाही माणसाशी बोललो नाही. रविवार.

१७ जून

लोधीखेड्याचे विजेचे मीटर वाचून आलो, पाहतो तं मिठूच्या मानेवर बारीक पांढरे काटे! रोगच तो. एक काटा चिमट्यानं ओढला – रक्त! असा ओरडला बिचारा! हळद दाबून धरली. रक्त थांबलं, पण तेव्हापासून माझ्याकडे पाठ करून बसला आहे.

मेला तं तिले काय तोंड दाखवू? मग ती कायले येते इथं?

जाताना म्हणाली होती, "या घरात मी आहो का नाही, तुमाले दिसते का?" मी म्हटलं, मी काय आंधळा आहो? दिवसाले साठ घरचे मीटर वाचतो.

१८ जून

तिले कार्ड टाकलं. मिठू बिमार आहे, पिसं जाऊन राहिले. माझ्याबद्दल काही लिहिलं नाही.

२२ जून, रविवार

आली! बाराच्या बसनं. चपला न काढता आधी पिंजऱ्यापाशी. बोट आत घातलं तं मिठूनं मान पुढे केली. बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली,

"बिमार नाही हा. दरसाल याच दिवसात पिसं टाकते. सात वर्षं झाले. तुमी कधी पाह्यलं नाही?"

नव्हतं पाह्यलं.

तिनं फळीवरचा बिस्किटाचा डबा काढला. आत पिसं. एकेका सालाची जुडी, दोऱ्यानं बांधलेली. सात जुड्या! त्या डब्यावर मी रोज टोपी ठेवतो.

मग एकेक सांगत गेली. काटे म्हणजे नवीन पिसं, आत रक्त असते, हात लावायचा नाही. भिजवलेली डाळ द्यायची, मोडाचे मूग, जरासं उकडलेलं अंडं. ऊन वर आलं की पाण्याचे शिंतोडे. वाऱ्यात ठेवायचं नाही. मी सगळं लिहून घेतलं. चहा ठेवतो म्हटलं. नको म्हणाली. अशात त्याले हलवू नये, शेपटी भरली की कळवा, घेऊन जाते. चारच्या बसनं गेलीही.

म्हणजे मी याले जितकं जपीन, तितक्या लवकर हा जाईल.

५ जुलै

काट्यांचे टोकं फुटून हिरवं दिसून राहिलं. दिवसभर चोचीनं पापुद्रे काढते, खाली कोंडा पडते. पिसं आता झाडून टाकत नाही. पुसून डब्यात ठेवतो. नत्थूजी हसले. हसू दे.

१९ जुलै

आज सकाळी "मंगल, चहा!" म्हणाला.

असा बोलत होतो मी? मान न वळवता, कोणा नोकराले सांगावं तसा? बारा वर्षं?

चहा केला. एकट्यानं प्यालो. रडलो. इथं लिहायले काय हरकत आहे, कोण वाचते!

५ ऑगस्ट

शेपटी भरली. पहिल्यापेक्षा लांब.

कार्ड आणून दोन दिवस झाले. अजून काटेच आहेत, असं लिहिलं तं? पांढुर्ण्याहून कोण पाहायले येते? हाही गेला की या घरात माझ्याशिवाय आवाज नाही. आठवी जुडी बांधली. गाठ तिच्यासारखी बसली नाही.

६ ऑगस्ट

खरं तेच लिहिलं. शेपटी भरली, घेऊन जा. यंदाचे पिसं डब्यात ठेवले आहेत.

१० ऑगस्ट, रविवार

मंगला आली. मिठूची शेपटी पाहून हसली. वरचा एक दात नाही, डाव्या बाजूचा. कधी पडला, विचारलं.

"दोन वर्षं झाले."

मी चहा ठेवला. चारची बस गेली. ती अजून ओट्यावर बसून आहे.