चादरीचं दुसरं टोक

३ मार्च

ती. ताईस,
टिटवीचा सा. न. वि. वि.

घरात एक गाणारी असली की एक ऐकणारीही लागते, असं आई एकदा काम करता करता म्हणाली होती. आठवतं तुला? मी आठ वर्षांची असेन, तू चौदाची. काल मुलाखतीला आलेल्या बाईंना मी तेच सांगितलं. वर हेही सांगितलं की आईचं म्हणणं अगदी शब्दशः खरं झालं, मी गाते आणि ताई इस्पितळात लोकांचे कान तपासते. बाई इतक्या हसल्या की चहा सगळा बशीत.

नवा अल्बम झाल्यातच जमा आहे. नाव ‘घडी’. कपड्याची आणि वेळेची, दोन्ही. सात गाणी माझी, दोन आईची. ताल सगळा आपल्या लाँड्रीतला घेतलाय : पाण्याचा शिपका, इस्त्रीची लांब ओढ, मग ती स्टँडवर टेकवल्याचा खट्. रेकॉर्डिंगवाल्या काकांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, कानाला ऊब लागते. मलाही हल्ली दिवसभर तसंच वाटतं, आपण वाफेत चालतोय आणि पलीकडे कुणीतरी गातंय.

माझ्या चाली रिषभावरून थेट मध्यमावर का उडी मारतात, हे सगळेच विचारतात. म्हणून अल्बमच्या मजकुरात लिहिलंय की आमच्या आईच्या गाण्यांत मधला गंधार वर्ज्य असतो, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. मजकूर सोबत पाठवते. शुद्धलेखन बघ, तुझ्या लाल पेनाला बरेच दिवस काम नाही.

फक्त शेवटचं, आईचं चादरीचं गाणं जमत नाही. काही चुकत नाही, आणि तरी त्याला कुठेतरी भोक पडलंय.

तुझ्या मायेत खंड नाही, माझ्या पत्रांतही नसेल.
टिटवी

९ मार्च

चि. टिटवीस,
अ. आ.

माझ्या नोकरीवर चहा सांडवलास, छान केलंस. ‘वर्ज्य’ बरोबर लिहिलंयस, आश्चर्य आहे. ‘स्मृती’ मात्र दोन्हीकडे चुकवलीस.

काल एक आजोबा तपासणीला आले होते. काचेपलीकडच्या बंद खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले, आवाज आला की बोट वर करा म्हणून सांगितलं. मी बटण दाबायच्या आधीच यांचं बोट वर. तीनदा. मी आवाज दिलाच नव्हता असं सांगितलं तर म्हणाले, तुम्ही दिला नसेल बाई, मला आला. कागदावर खूण केली नाही, पण मनात केली.

मजकुरातलं ते पिढ्यान्‌पिढ्यांचं वाक्य काढून टाक. बाकी सगळं चांगलं आहे. कारण विचारू नकोस.

जेवण वेळेवर घे आणि जीव लावणं असंच राहू दे.
ताई

१३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कारण विचारू नकोस म्हटल्यावर मी विचारणार नाही, असं तुला वाटलंच कसं?

मी आईच्या टेबलाखाली धुतलेल्या कपड्यांच्या ढिगात बसून मोठी झाले. ती गंधार घेत नव्हती हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. अठ्ठावीस तारखेला मजकूर छपाईला जातो. खोटं असेल तर सांग, मी काढते. नुसतं तू म्हणतेस म्हणून आईची रीत पुसणार नाही.

रागावलेय, पण तुझीच आहे.
टिटवी

१९ मार्च

चि. टिटवीस,
अ. आ.

तू ऐकलंस ते खरंच आहे. पण ते आईचं आधीचं गाणं नव्हे.

आधी ती आणि मी चादरी घडी करताना गायचो. तिच्याकडे दोन टोकं, माझ्याकडे दोन. लांब असताना रिषभ, मग चालत चालत जवळ यायचं, आणि तिच्या हातातली टोकं माझ्या हाताला लागली की दोघींनी मिळून गंधार घ्यायचा. त्याच्यासाठीच सगळं गाणं. तेवढ्यासाठी मी शाळेतून पळत यायचे.

एकदा तू मधे घुसून गायला लागलीस. दारातली गिऱ्हाईक बाई म्हणाली की धाकटीचा गळा काय गोड आहे. आणि आईनं ते गाणारी-ऐकणारीचं वाक्य म्हटलं. सहजच म्हटलं असेल. पण म्हणताना तिनं माझ्याकडे न बघता चादरीची टोकं माझ्या हातात दिली, आणि मी समजले की ठरलं, ऐकणारी मी.

त्या दुपारी तुम्ही दोघी कपडे पोचवायला गेलात. शाळेनं मोडीत काढलेली आपली बाजाची पेटी मी उघडली, दोन स्क्रू काढले आणि गंधाराची पितळेची जीभ काढून घेतली. तुला तो सूर मिळू नये म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

तू आलीस, पट्टी दाबली, नुसती हवा आली. मला वाटलं तू रडशील. तू जरा थांबलीस आणि डबकं ओलांडावं तशी पलीकडच्या सुरावर उडी मारलीस. संध्याकाळपर्यंत तुझ्या तोंडी सगळं तसंच बसलं. आई इस्त्री करत ऐकत होती. आता ओरडा बसणार म्हणून मी हँगर मोजत उभी. तिनं पुढचा शर्ट इस्त्रीला घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिनंही तो सूर सोडला. तुझ्याबरोबर तीही उडी मारू लागली, ती शेवटपर्यंत. तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही. हा तिचा राग होता की मला पदराखाली घेणं, ते एकतीस वर्षांत मला ठरवता आलेलं नाही. मी त्यानंतर गायले नाही, चादरी मात्र धरल्या.

ती जीभ माझ्या कामाच्या टेबलाच्या खणात होती. पाकिटात घातली आहे. पेटीत बसवून घे, म्हणजे तुझं गाणं पुरं होईल. अल्बमवर माझं नाव कुठेही नको.

जमलं तर लोभ शिल्लक ठेव.
ताई

२४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन दिवस मी तुझ्याशी मनातसुद्धा बोलले नाही. तिसऱ्या दिवशी दात घासताना हसूच फुटलं. इतकी वर्षं लोक जिला माझी शैली म्हणतात, तो तुझा स्क्रू ड्रायव्हर निघाला! आणि गंमत म्हणजे मला ती उडी अजून आवडते. बाकीच्या आठ गाण्यांत ती राहणार. तेही आईचंच गाणं आहे, माझ्यासाठी बदललेलं. ते पिढ्यान्‌पिढ्यांचं वाक्य मी काढलंय. तिथे आता इतकंच आहे की या गाण्यांत गंधार का नाही, ते माझ्या ताईला ठाऊक आहे. नाव नाही घातलं. नातं घातलंय, त्यावर तुझा हक्क चालत नाही.

जीभ पेटीत बसवली. बोलली, पण घोगरी, बाकीच्यांपेक्षा जराशी खाली. काकांनी चार वेळा ऐकून मान हलवली. मग मी स्वतः गाऊन पाहिलं. सूर बरोबर लागतो ताई, पण पोचत नाही. कुठे पोचायचं तेच मला माहीत नाही. आईचा गंधार माझ्या कानात नाहीच. तो आता फक्त तुझ्याकडे आहे.

काल दुपारी स्टुडिओच्या बाकावर डोळा लागला. तुम्ही दोघी एक भली मोठी पांढरी चादर धरून उभ्या होतात, खोलीपेक्षा लांब. तुमचे चेहरे दिसत नव्हते, मधे चादर फुगत होती. मी वाट बघत होते की आता जवळ याल. काकांनी उठवलं.

आजोबांना माझा नमस्कार सांग. त्यांना खरंच ऐकू आलं असणार.

माया पातळ होऊ देऊ नये, आपलीच,
टिटवी

ता. क. दोन एप्रिलला शेवटचं रेकॉर्डिंग आहे. स्टुडिओही तुझ्या तपासणीच्या खोलीसारखाच आहे, काच, बंद दार, आणि बाहेर कुणीतरी ऐकत बसलेलं. मी घरातली जुनी चादर नेणार आहे. रजा नाही, घसा बसलाय, वय झालं, यातलं काय लिहिशील ते मला आत्ताच दिसतंय, आणि उत्तर ‘नाही’च असणार हेही. तरी विचारते. एकच सूर. येऊन दुसरं टोक धरशील?