काठीनं उठवायची माणसं

बाबा,

मला भीती वाटते आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. जे काही लिहायचं ते गावाला वाचून दाखवायचं, घरच्या माणसाला नाही, हा माझा धंदाच झालाय. आज दवाखान्याच्या मागच्या बाजूला सिमेंटच्या बाकावर बसले आहे. दुपारचा एक वाजलाय. समोरच्या हिरव्या दाराआड एक माणूस झाकून ठेवलेला आहे. काल घोलवडच्या पुढे रुळांजवळ सापडला. तो आमचा फौजेतला हवालदार आहे की नाही, ते मला आत जाऊन सांगायचं आहे. पोलीस किल्ली आणायला गेलाय. तेवढ्यात हात रिकामे राहू नयेत म्हणून पिशवीतला कागद काढला.

हवालदार कोण ते आधी सांगते. तुमच्या वेळी सैनिक निवृत्त झाला की बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसायचा, आणि तेच त्याचं पुनर्वसन. आता व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे. निराधार झालेल्या, रस्त्यावर आलेल्या माजी सैनिकांना हात द्यायचा, असा त्याचा उद्देश. चाळीसेक माणसं आहेत. बहुतेक सगळी रोज सकाळी तिरंगी गुलाब पाठवतात आणि दोघं काम करतात. एक तलासरीचे निवृत्त सुभेदार, आणि दुसरा घोलवडचा नर्सरीवाला, ज्याच्याकडे टेम्पो आहे. मी त्यांच्यात गेले ती टिंगल करायला. शाल, श्रीफळ आणि माइकवाल्या देशभक्तीवर मी आपल्या साप्ताहिकात एक खमंग लेख पाडला होता. दुसऱ्या दिवशी सुभेदारांचा फोन. "मॅडम, लेख वाचला. छान आहे. रविवारी सकाळी सहाला तलासरीच्या नाक्यावर या. बंद बूट घाला." माझ्या लेखाला इतकं वाईट उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं.

गेले. सुभेदारांची पद्धत ठरलेली. हायवेकडचे बंद पडलेले ढाबे, एसटी स्टँड, डहाणू रोडच्या स्टेशनचा बाहेरचा कट्टा. झोपलेल्या माणसाचं तोंड बघायचंच नाही. आधी पाय बघायचे, मग अंथरूण. चादरीची घडी चौकोनी असेल, चपला जोडीनं आणि पाय घालून लगेच निघता येईल अशा ठेवलेल्या असतील, तर हा आपला. मग चहा. पुढच्या रविवारी चपला. नाव त्यानं आपणहून सांगितलं तर ऐकायचं. "आणि फोटो?" मी विचारलं. सुभेदार माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी ग्रेनेडची पिन ओढलीय. "फोटो कशाला? तो हरवलेला नाही मॅडम, लपलेला आहे."

तिसऱ्या रविवारी एका ढाब्याच्या मागे, मोडक्या टेबलांच्या आडोशाला हवालदार सापडला. चादर चौकोनी, चपला जोडीनं. नर्सरीवाला भला माणूस, त्याला घाईही असते, तो वाकून खांदा हलवायला गेला आणि मी ओरडले, "थांबा! हात लावू नका!" दोघंही दचकले. मी कुंपणाची एक लांब काठी उपसली, पायांच्या बाजूला उभी राहिले आणि आई तुम्हाला ज्या आवाजात हाक मारायची त्याच आवाजात म्हणाले, "दादा, तलासरी आहे. तलासरी. आपली माणसं आहेत. चहा आणलाय." मग काठीचं टोक अंगठ्याला अगदी हलकं टेकवलं. तो ताडकन उठून बसला, पाठ भिंतीला, मुठी वळलेल्या. काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमच्या घरी कोण होतं?" म्हणाला. मी म्हटलं, "वडील. फौजेत होते." त्यानं मुठी सोडल्या आणि चहा घेतला.

आपलं स्वयंपाकघर मला त्या ढाब्याच्या मागे आठवलं. तुम्ही चुलीपलीकडे, मागच्या दाराशी, एकटेच झोपायचा. आम्ही सगळी बाहेरच्या खोलीत. सकाळी आई उंबऱ्यावर उभी राहते, हातात कपडे वाळत घालायची काठी. "अहो, डहाणू आहे. आपलं घर आहे." मग काठी तुमच्या अंगठ्याला. तुम्ही उठून बसता, इकडेतिकडे पाहता, आणि डहाणू आहे याची खात्री पटली की म्हणता, "चहा झाला का?" आम्हाला वाटायचं, सगळ्यांचेच बाप असे उठतात. शाळेत गेल्यावर कळलं की नाही. तेव्हा मला त्यात गंमत दिसली. सातवीच्या स्नेहसंमेलनात मी एकपात्री केलं: आई, काठी, "डहाणू आहे हो", आणि ताडकन उठणारे तुम्ही. एसटीचा कंडक्टर ओरडतो तसं "डहाणू आलं, उतरा!" हे मी पदरचं घातलं. हॉल हसून कोसळला. तुम्हीही हसत होतात, सगळ्यांत शेवटपर्यंत, असं आई म्हणाली. घरी येऊन तुम्ही बूट काढता काढता म्हणालात, "छान केलंस. एक सांग, लोक हसत होते तेव्हा मी कुठं बसलो होतो, ते बघितलंस का?" मी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आईच्या हातून ती काठी काढून माझ्या हातात दिलीत. "आजपासून तू उठवायचंस." पुढे लग्न होईपर्यंत मीच उठवत होते. मला ती शिक्षा वाटायची. बक्षीस होतं हे कळायला मला उशीर झाला, आणि तुम्हाला सांगायला त्याहून.

हवालदाराला आम्ही घोलवडच्या नर्सरीत नेलं. कलमांच्या पिशव्या भरायचं काम आणि राहायला खोली. खोलीत तो कधी झोपला नाही. बाहेर, रोपांच्या ओळींमध्ये, सगळ्यांपासून लांब. माझ्याशी मात्र तो बोलू लागला, त्या काठीमुळे. गाव सायवनच्या बाजूला, डोंगरात. भात, नाचणी, घर, बायको, लेक, नात. पेन्शन बायकोच्या हातात जाते, त्याची तक्रार नाही. घरी सांगितलंय की वापीकडे कंपनीत रखवालदार आहे, सुट्टी मिळत नाही. ती नोकरी कधीच सुटली होती. मग घरी का जात नाही? एका सकाळी नात त्याला उठवायला आली होती. चार वर्षांची. गळ्यात हात टाकून. त्याला जाग आली तेव्हा तिचा गळा त्याच्या हातात होता. पोर वाचली, काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी खेळायलाही लागली. तो त्याच आठवड्यात नोकरी शोधायला म्हणून निघाला आणि पाच वर्षं घरी मुक्कामाला राहिला नाही. सणाला तेवढा जायचा, सकाळी पोचायचा, उन्हं उतरायच्या आत निघायचा. "ताई, हे सुभेदारांनाही माहीत नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, "माझ्याजवळच राहील."

आणि बाबा, मी ते लिहिलं. नाव नाही, गाव नाही, नातीचा उल्लेखही नाही, असं स्वतःला बजावत लिहिलं. एक वाक्य मात्र फार जमलं होतं: त्यानं शत्रूपासून देश राखला, आता तो स्वतःपासून घर राखतो आहे. असं वाक्य हाती लागल्यावर ते खिशात ठेवणारी माणसं वेगळी असतात. प्रजासत्ताक दिनाला तलासरीत शाळेच्या मैदानावर कार्यक्रम होता. मला लेख वाचायला बोलावलं. ज्या माइकवर मी वर्षभर तोंडसुख घेतलं, त्याच माइकसमोर मी साडी नीट करून उभी राहिले. सुभेदार त्याला बरोबर घेऊन आले होते, ध्वजवंदनाला. मीच दिलेला इस्त्रीचा शर्ट घालून तो तिसऱ्या रांगेत बसला होता. त्याच्या बाजूच्या पाड्यांतली पाच-पन्नास माणसंही मैदानात होती. मी ते वाक्य दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा टाळ्या मधेच सुरू झाल्या. दुसऱ्या टाळ्या थांबल्या तेव्हा तिसऱ्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती.

आज सहावा दिवस.

आम्ही कुठं नाही शोधलं? स्टेशन, ढाबे, वाढवणचा किनारा. तिथं एक कोळीण जाळं सोडवत होती, मला म्हणाली, "फौजी शोधते का? बंदर येतंय म्हणून रोज कोणी ना कोणी काहीतरी मोजायला येतं, माणूस शोधायला तूच पहिली." मी हसले, आणि हसताना समुद्राकडे बघितलं नाही. हल्ली मी पाण्याकडे बघत नाही, रुळांकडे बघत नाही, उंच झाडांकडेही बघत नाही. फोन वाजला की उचलावासा वाटत नाही. न वाजला तर उघडून बघते, बंद तर नाही पडला.

चौथ्या दिवशी सुभेदार मला त्याच्या घरी घेऊन गेले. मी वाटेत भाषण तयार करत होते, बाईंना कसं सांगायचं, किती सांगायचं. त्याची बायको अंगणात नाचणी पाखडत होती. आम्हाला पाणी दिलं. सुभेदारांनी खाकरून सुरुवात केली, "वहिनी, हवालदार कंपनीत नाहीत..." तिनं सूप खाली ठेवलं. "माहीत हाय. कंपनी कवाच सुटली. माझा भाऊ ट्रक चालवतो, त्यानं ढाब्यामागं बघितलेला."

"मग तुम्ही बोलला नाहीत?" मी.

"काय बोलायचा? पोरीचापण माहीत हाय. मी बघत होते दारातून." ती माझ्याकडं बघत होती, रागानं नाही, आणि राग असता तर मला सोपं गेलं असतं. "तो समजे, आमाला ठाव नाय. म्हणून सणाला तरी यायचा. तोंड वर करून यायचा, पोरीला उचलून घ्यायचा. आमी सगळी गप बसलेलो, बाई. पाच वर्स. पाडा गप होता. तुमी मोठ्यानं वाचला. आता आमाला ठाव हाय ह्ये त्याला ठाव झाला. आता कसा यायचा तो?"

नऊ वर्षांची नात दारात उभी होती, हातात पाटी-पेन्सिल नाही, मोबाईल. तिनं विचारलं, "आजोबांचा काय लिहिला तुमी?" बाबा, आयुष्यभर मला लोकांनी विचारलंय, तुम्ही असं का लिहिता. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार असतं, तिखटमीठ लावून. तिला मी म्हटलं, अजून एक पेला पाणी आण. निघताना त्याच्या बायकोनं सुभेदारांना एवढंच सांगितलं, "सापडला तर आधी मला सांगा. कसापण असला तरी. मग बाकी पेपरात द्या."

पोलीस किल्ली घेऊन येतोय. तरुण आहे, चालताना किल्ली वाजवतो. थांबते.

जाऊन आले. अर्धा तास झाला असेल. आत फिनेलचा वास होता आणि एक पंखा, उगाच फिरणारा. पोलीस सज्जन होता, म्हणाला, "ताई, घाई नाही. तयार झालात की सांगा." मी म्हटलं, दाखवा. त्यानं चादर तोंडाकडून वर केली आणि विचारलं, "हेच का?"

"नाही," मी म्हटलं. ताबडतोब.

त्यानं कागदावर लिहून घेतलं, मी सही केली. बाहेर येऊन सुभेदारांना फोन लावला, "तो नाही." ते म्हणाले, "मॅडम, देव पावला. मी आत्ताच सायवनला निघतो, वहिनींना तोंडानं सांगतो. फोनवर नको." ग्रुपवरही टाकलं त्यांनी, चाळीस जणांचे जोडलेले हात एकामागून एक येताहेत, माझा फोन बाकावर थरथरतोय. मी कोपऱ्यावर जाऊन चहा प्यायले, वर आणखी एक मागितला. इतकी हलकी झाले होते की चहावाल्याशी साखरेवरून भांडले. आत एक माणूस मेलेला आहे, तोही कुणाचा तरी असणार, आणि मी बाहेर चहाचे भुरके मारत होते.

हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही आणि कुठल्या माइकवर वाचलं जायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. चादर वर झाली तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. "नाही" म्हणून झाल्यावर, दाराकडं वळल्यावर मी ते उघडले. सुभेदार तलासरीहून आतापर्यंत निघाले असतील. डोंगराच्या वाटेला लागले की त्यांना फोन लागत नाही. पोलीस अजून व्हरांड्यातच आहे, कुलूप हातात घेऊन कुणाशी तरी बोलतोय. मी त्याला हाक मारते.