शून्याची जागा

४ फेब्रुवारी
एकदाची पोचले. पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. चार महिने या तलावकाठच्या केंद्रात राहून प्रबंध करायचा. आई म्हणाली, पाणीच तपासायचं तर घरी नळ नव्हता का? खोली लहान, पण खिडकीत अख्खा तलाव मावतो. शेजारी नावाडीकाका आणि मावशी राहतात. एवढी काडी पोरगी होडीत बसली तर होडीला कळणारही नाही, असं म्हणत मावशींनी मला बळेबळे दुसऱ्यांदा वाढलं.

९ फेब्रुवारी
रोज बाराला काकांबरोबर होडीतून जाऊन सहा जागी पाण्यातला प्राणवायू मोजते. बाकी सगळीकडे लिटरला सात-साडेसात मिलिग्रॅम. मधोमध मात्र शून्य. दुसऱ्या मीटरवरही शून्यच. म्हणजे तिथे काहीतरी तो संपवतंय. पण जाळीत साधं शेवाळही आलं नाही. गाइड मॅडम फोनवर खूश झाल्या. प्रबंधाला विषय मिळाला म्हणाल्या.

१५ फेब्रुवारी
शून्याची जागा सरकते आहे. रोज थोडी, आमच्याच काठाकडे. काका आता आकडा घेतला की लगेच होडी वळवतात.

१८ फेब्रुवारी
काका गेले. धक्क्याला बांधलेल्या होडीतच कोसळले. पाण्याला हातही लागला नव्हता, तरी ओठ निळे. डॉक्टरांनी हृदयविकार म्हटलं. पण माझ्या हातातला मीटर तेव्हा पाण्याबाहेर होता आणि आकडा उतरत होता.

२० फेब्रुवारी
गॅस पेटत नाही. काडी विझते. मावशींना म्हटलं, माझ्याबरोबर चला. यांना इथे टाकून कुठे जाऊ, म्हणाल्या. मॅडम म्हणतात, धक्का बसला की असं वाटतं. आकडे तेवढे चुकवू नकोस.

२१ फेब्रुवारी
मावशी शेवटी तयार झाल्या. एसटी दोनला. पण दारातच बसल्या, त्यांना उठवत नाही. ओढलं — दोन पायऱ्या. मलाही दम —

मीटर तीन.

मॅडमचा फोन. आजचे आकडे का नाहीत, विचारत होत्या. माझा आवाज फुटेना. रेंज नाही वाटतं, म्हणाल्या. ठेवला.

गाडी आली. वळणावर थांबली. मी हात हलवला. ड्रायव्हरनंही हलवला — आणि गेला.

मीटर एक. मावशींचा हात सैल पडला. मी सोडलेला नाही. त्यांची छाती हलत नाही. माझीही नीट — तरी कानाशी कुणीतरी सावकाश, पोटभर श्वास